क्रियापदाचं शेपूट

इंग्रजीतल्या ‘गेट’ या क्रियापदाचे अर्थ तुर्की विद्यार्थी वहीत क्रमांक घालून उतरवतो. आल्माक म्हणजे घेणं, ओल्माक म्हणजे होणं, वार्माक म्हणजे पोहोचणं, आन्लामाक म्हणजे समजणं. तुर्कस्तानात रेडहाउसचे कोश पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, त्यामुळे कोशावरची श्रद्धाही जुनी. बोलायची वेळ आली, की मात्र वहीतला पहिला क्रमांकच तोंडात येतो. इझमीरला प्रौढांच्या वर्गात शिकवू लागले, तेव्हा ही यादी फळ्यावर लिहिणं मी लवकरच सोडलं.

पहिला क्रमांक आल्माकचा, आणि त्याचं राज्य मोठं. पाव विकत घेतला तरी आल्माक, पत्र मिळालं तरी आल्माक. श्वास तर आपण मराठीतही घेतोच. पण तुर्कीत सर्दी झाली तर माणूस ‘थंडी घेतो’, आणि जाड झाला तर ‘किलो घेतो’. (बारीक झाला की किलो ‘देतो’, कोणाला, ते विचारायचं नसतं.) साहजिकच, आलेल्या पत्राबद्दल तो इंग्रजीत ‘टुक’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, यानं ते कुणाच्या तरी टेबलावरून उचललं.

कोश अर्थ मोजतो, पण ‘गेट’च्या पोटात फारसं काही नसतंच. सगळा अर्थ त्याच्या मागून येणाऱ्या शब्दात. मागे वस्तू आली तर मिळणं, ठिकाण आलं तर पोहोचणं, विशेषण आलं तर होणं. तुर्की माणसाला हे नवं नाही. त्याची भाषा नेमकं हेच काम क्रियापदाच्या शेपटाकडून करून घेते. हास्ता म्हणजे आजारी. त्याला ‘लान’ जोडलं, की हास्तालान्माक, आजारी पडणं. झेंगिन म्हणजे श्रीमंत. ‘लेश’ जोडा, झेंगिनलेश्मेक, श्रीमंत होणं. आन्लामाकमध्ये एक ‘श’ घातला की आन्लाश्माक, म्हणजे एकमेकांशी जमणं, पटणं. तिथेही इंग्रजी ‘गेट’लाच कामाला लावतं.

माझा सगळ्यात आवडता तास केस कापण्याचा. केस्मेक म्हणजे कापणं; हा शब्द मराठी माणसाला पाठ करावाच लागत नाही. केस्तिम म्हणजे मी कापले. केस्तिर्दिम म्हणजे दुसऱ्याकडून कापून घेतले. एवढासा ‘तिर’, पण न्हावी त्यातच बसलेला. ‘मी केस कापले’ असं आपण मराठीत बिनधास्त म्हणतो आणि कात्री कोणाच्या हातात होती, ते समोरच्यावर सोपवतो. तुर्कीत ‘तिर’ सहसा गाळत नाहीत. तरीही तीच मंडळी इंग्रजीत येताना न्हाव्याला दारातच सोडून येतात. म्हणून मी आधी ‘केस्तिर्दिम’ लिहिते, ‘तिर’वर गोल काढते आणि विचारते, हा इंग्रजीत कुठे बसेल? ‘गेट’ अलीकडे, केस मधे आणि ‘कट’ पलीकडे, असं तेच शोधून काढतात. मग गाडी दुरुस्त करून घेणं, दात काढून घेणं, घर रंगवून घेणं झपाझप येतं.

‘हॅव गॉट’ शिकवताना मराठीचा उपयोग होतो. तुर्कीत ‘किताबिम वार’ म्हणजे शब्दशः ‘माझं पुस्तक आहे’. मालकी दाखवायला स्वतंत्र क्रियापद त्यांच्याकडे नाही, आपल्याकडेही नाही. ही अडचण मला समजावून घ्यावी लागली नाही.

एकच क्रियापद इतकं राबवणारी भाषा आळशी, अशी तक्रार वर्गात कुणीतरी करतंच. मग मी फळ्यावर ‘चेक्मेक’ लिहिते. मूळ अर्थ ओढणं. पण तुर्कीत फोटो ओढतात, बँकेतून पैसे ओढतात, दात ओढतात, कर्जही ओढतात. मराठीत या चारही जागी ‘काढणं’ चालतं, हे सांगितलं की वर्ग हसतो आणि ‘गेट’ची बदनामी थांबते. उरतात काही हट्टी वाक्प्रयोग. त्यांना शेपूट नाही, तर्क नाही. ते पाठच करायचे.