साडी बदलून मिळते, घर नाही

आमचा धाकटा भाऊ बारा वर्षे एका कापड दुकानात सेल्समन होता. एके दिवशी म्हणाला, "दादा, मी घरविक्रीचा एजंट होतो. गिऱ्हाइकाशी बोलणे मला येते."

आम्ही पडलो कारकून. आधी हिशेब मांडला. दुकानात पगार ठरलेला. इथे सौदा झाला तर कमिशन, नाही तर शून्य. घरात आई, बायको, दोन मुले. आम्ही म्हणालो, "बोलणे येते, पण कायदा?"

२०१६ च्या रेरा कायद्याने एजंटाला नोंदणी लागते. महाराष्ट्रात २०२३ पासून प्रशिक्षण व परीक्षाही आली. नोंदणी झाल्यावरच नोकरी सोडायची, ही आमची अट. दुकान सुटल्यावर तो रात्री वाची, आम्ही प्रश्न विचारीत असू. तो पास झाला.

पहिले पाच महिने एकही सौदा नाही. किराणा आमच्या पगारातून आला. मग एक सफाई कामगार जोडपे आले. बिल्डरच्या माणसाने कराराआधीच वीस टक्के मागितले. भावाने जोडप्याला सांगितले, "करार नोंदविल्याशिवाय दहा टक्क्यांवर देऊ नका." सौदा मोडला. कमिशन गेले.

त्या रात्री तो जेवला नाही. "दादा, चुकलो का?"

आम्ही म्हणालो, "साडी बदलून मिळते. जन्माची पुंजी नाही."

बंधुभगिनींनो, घरातला मुलगा धंदा बदलत असेल तर सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला ठेवा, आणि त्या धंद्याचा कायदा त्याच्याकडून वाचून घ्या.