तडा

पितळेचे भांडे पडले तर सारे घर दणाणते. कपबशी पडली तर माजघरातून 'काय फुटले?' अशी पृच्छा तत्काळ होते. मोबाइल फोनचे तसे नाही. तो पडतो तेव्हा सुपारी कातरल्याएवढाच आवाज होतो, आणि पुढचा सारा आवाज ज्याचा फोन असतो त्याच्या काळजात होतो.

गेल्या नोव्हेंबरातील गोष्ट. सकाळची फेरी आटोपून मी सिद्धेश्वर तलावाच्या काठी घटकाभर बसलो होतो. उठताना मांडीवरचा फोन खालच्या फरशीवर पालथा पडला. उचलून पाहिला, तो काचेच्या वरच्या कोपऱ्यातून एक रेघ निघून तिला डावीउजवीकडे फाटे फुटले होते. भूगोलाच्या पुस्तकात भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्या दाखवतात, तसाच तो नकाशा होता. फोन मात्र चालू होता. अक्षरे दिसत होती, माणसांचे आवाज ऐकू येत होते. 'चालतो आहे ना, मग चालू द्या,' असे म्हणून मी तो खिशात घातला. म्हातारपणी स्वतःच्या गुडघ्यांविषयीही आपण हेच धोरण ठेवतो.

पण नोव्हेंबर हा निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा कसोटीचा महिना. आपण हयात आहो हे सरकारला दर वर्षी ह्याच महिन्यात पटवून द्यावे लागते. २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही योजना निघाली आणि २०२१ पासून फोनसमोर नुसता चेहरा धरून हयातीचा दाखला मिळण्याची सोय झाली. मी चेहरा धरला. फोनने ओळख नाकारली. पुन्हा धरला, पुन्हा नकार. मग ध्यानात आले, की त्या भीमेचा उगम नेमका कॅमेऱ्यावरच झाला आहे आणि माझ्या चेहऱ्याची उभी दोन शकले पडत आहेत. तीस वर्षे ज्याने वर्गात इतरांची हजेरी घेतली, त्याला स्वतःची हजेरी लावता येईना! बँकेत जाऊन सही करण्याचा जुना मार्ग अर्थात मोकळा होता. तेव्हा पोटाचा प्रश्न नव्हता. पण फोन दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा आठ दिवस टाळलेला प्रश्न आता टाळण्याजोगा राहिला नाही.

घरात तात्काळ दोन पक्ष पडले. मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, तीन वर्षांचा फोन तो. त्याच्यावर आता पैसे घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. मी नवा पाठवतो." आमची मंडळी ह्याच्या उलट. त्या अंथरुणाची घडी घालीत होत्या. हातातली सोलापुरी चादर पुढे करून म्हणाल्या, "अहो, ही आपल्या लग्नातली. दोनदा कड उसवली, दोनदा मी शिवली. कड उसवली म्हणून कोणी चादर टाकून देतं का?" चादरीचा दाखला सोलापुरात ब्रह्मवाक्यासारखा असतो, त्यावर वाद घालण्याची प्राज्ञा कोणाची? मी फोन घेऊन नव्या पेठेत गेलो.

दुकान म्हणजे एक फळी, एक दिवा आणि एक भिंग. त्यामागे पंचविशीतला एक तरुण. एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी कानडीत बोलून तो माझ्याकडे मराठीत वळला. आमच्या गावात ही नवलाई नव्हे. "सर, नुसती काच गेलेली नाही, पूर्ण फोल्डर बदलावा लागेल," तो म्हणाला. फोल्डर म्हणजे काय, हे त्याने मला एक मोडका फोन उघडून दाखवले. वर काच, तिच्याखाली बोटाचा स्पर्श ओळखणारा थर, त्याच्याखाली प्रकाश देणारा पडदा. आणि हे तिन्ही पारदर्शक डिंकाने असे एकजीव केलेले, की एकाला सोडवू जाता दुसरा दगावतो. तापवून, बारीक तार फिरवून काच तेवढी सोडवता येते. पण त्यात पडदा वाचेलच ह्याची हमी नाही. सबंध फोल्डर बदलायचा तर कंपनीच्या मालाचे चार हजार सहाशे, नकली मालाचे बावीसशे. "नकली घालू नका," तो स्वतःच म्हणाला, "रंग फिके दिसतात, बोटाला नीट प्रतिसाद मिळत नाही, वर बॅटरी जास्त खातो."

ह्या काचेची घडणही मोठी गमतीची आहे. वितळलेल्या पोटॅशियम क्षाराच्या कुंडात तिला बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे थोराड कण शिरून बसतात. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एस.टी.त तिघांच्या बाकावर पाच जण बसले म्हणजे कोणी हलू शकत नाही, तशी त्या पृष्ठभागाची स्थिती होते. ह्या दाटीमुळेच काच बळकट होते. बारीकसारीक ओरखड्यांना वाव मिळत नाही. परंतु एखादा घाव त्या दाटीच्या थराखाली पोहोचला, की आत कोंडलेला ताणच तडा पुढे पुढे नेतो. जिच्या बळावर ती टिकते, त्याच ताणाने ती फुटते.

दर ऐकून मी 'विचार करून सांगतो' म्हणालो आणि घरी परतलो. वाटेत विचार फोनचा नव्हता. वडिलांचा होता.

माझे वडील गिरणीत फिटर होते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून सोलापूर भोंग्यावर उठू-जेवू लागले; त्या भोंग्यांपैकी एकावर आमचे घर चालत असे. वडिलांच्या हातात विलक्षण गुण होता. घरातला कंदील, घड्याळ, शेजाऱ्यांची सायकल, कशालाही त्यांचा हात लागला की ते चालू होई. गिरणीतही त्यांचा तोच लौकिक. कांतणखात्यातील यंत्रे जुनाट झालेली. कित्येकांचे सुटे भाग मिळेनासे झालेले. मग वडील आणि त्यांचे सोबती एक यंत्र मोडीत, त्याच्या भागांवर चार यंत्रे चालती ठेवीत. एखादा दाता झिजला तर कानशीने घासून नवा घडवीत. रात्री जेवताना ते ह्या करामती सांगत तेव्हा आम्हां मुलांना ते किल्ला लढवून आलेल्या सरदारासारखे वाटत.

तो किल्ला पडला. देशातील अनेक कापडगिरण्यांच्या अवनतीची कारणे सांगताना अभ्यासक जी चारदोन ठळक कारणे देतात, त्यांत यंत्रसामग्री वेळेवर नवी केली नाही हे एक असतेच. आमची गिरणी 'आजारी' झाली, खाती एकेक करून थंडावली आणि पन्नाशीच्या आतबाहेर वडील घरी बसले. पुष्कळ वर्षांनी, अखेरच्या दुखण्यात, ते एकदा एकाएकी म्हणाले, "आम्ही दुरुस्ती फार चांगली केली रे. तेच चुकलं." मी विचारले, "म्हणजे?" तर म्हणाले, "यंत्रं बंद पडली असती तर मालकांना नवी घ्यावी लागली असती. आम्ही ती बंद पडूच दिली नाहीत."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनात कुसळासारखे रुतून आहे. दुरुस्ती हा सद्गुण, टाकून देणे हा उधळेपणा, हीच शिकवण मध्यमवर्गीय घरांत आपण बाळकडूसारखी घेतलेली असते. पण ज्या माणसाने जन्मभर दुरुस्तीच केली, त्याने शेवटी तिच्याविषयी अशी साक्ष द्यावी! चांगला कारागीर एखादे मरण लांबवतो. आणि लांबलेल्या मरणाच्या आडोशाने इतरांना आपले कर्तव्य टाळता येते.

इथेच थांबलो असतो तर मुलाला 'नवा पाठव' असे कळवून मोकळा झालो असतो. पण आठवणीचा दुसरा पदर लगेच पुढे आला. वडील घरी बसल्यावर माझ्या कॉलेजची दोन वर्षे आईच्या शिवणयंत्राने ओढली. तेही यंत्र जुनेच, कोणाकडून तरी घेतलेले. दर रविवारी वडील ते उघडीत, तेल घालीत, वादी आवळीत, झिजलेला भाग बदलीत. हे काम त्यांनी केले नसते तर मी आज हयातीचा दाखला मागणारा निवृत्त प्राध्यापक झालो नसतो. हात तेच, हत्यारे तीच, कौशल्य तेच. गिरणीत ज्याने घात केला त्यानेच घरी आम्हांला तारले. हे कसे?

उत्तर साधे आहे, पण ते सुचायला मला चार हजार सहाशे रुपयांचा प्रश्न पडावा लागला. शिवणयंत्राचा सुटा भाग बाजारात मिळत होता आणि दुरुस्त केलेले यंत्र नव्याइतकेच सुबक टाके घालीत होते. गिरणीतल्या यंत्राची दुरुस्ती त्याला चालते ठेवी, पण त्याचे सूत नव्या यंत्राच्या सुताशी बाजारात टक्कर देऊ शकत नव्हते. तेव्हा 'दुरुस्त होईल का?' हा प्रश्न अपुरा आहे. दुरुस्त झाल्यावर ती वस्तू आपल्या कामाला पुरी पडेल का, आणि किती काळ, हे विचारले पाहिजे. तडा कडेला आहे की गाभ्यात, हे पाहिल्यावाचून काटकसरही आंधळी आणि खरेदीही आंधळी.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नव्या पेठेत गेलो आणि त्या तरुणाला हेच विचारले. त्याला प्रश्न आवडलासा दिसला. त्याने बॅटरीची तपासणी केली. ती अजून धडधाकट होती. मग कंपनीने ह्या फोनला सुरक्षेच्या सुधारणा कोठवर देण्याचे कबूल केले आहे ते शोधून काढले. "अजून दोन वर्षं येतील सर. त्यानंतर काच चांगली असली तरी बँकेचं काम ह्याच्यावर करू नका." म्हणजे फोनच्या मृत्यूची तारीख त्याच्या जन्माच्या वेळीच ठरलेली होती, आणि ती काचेने ठरवलेली नव्हती.

ह्या तारखा आणि हे सुटे भाग कोणाच्या हाती असावेत, ह्यावर आता जगभर विचार चालू आहे. आपल्या सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आले आहे. ह्याची निकड उघड आहे. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत्-कचरा निर्माण झाला आणि त्यातला एकचतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. वडिलांची चूक असलीच तर ती एवढीच, की यंत्र केव्हा बदलायचे ह्याचा निर्णय त्यांच्या हातात नसताना त्याचा दोष त्यांनी स्वतःच्या हातांना दिला. हे त्यांना सांगायला हवे होते. तेव्हा मला ते सुचले नाही.

मी फोल्डर बदलण्यास सांगितले, कंपनीचाच. आधी फोनमधली छायाचित्रे मुलाच्या सांगण्यावरून दुसरीकडे उतरवून ठेवली. तास दीड तास मी त्या फळीपाशी बसून होतो. चिमट्याने इवलासा स्क्रू उचलताना त्या तरुणाचा श्वास थांबत होता, आणि काम संपेपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही. वडीलही असेच गप्प होत. मुलाला रात्री कळवले, "दोन वर्षांनी तुझा नवा फोन घेईन आणि त्या वेळी ह्याच्यासाठी एक अश्रूही ढाळणार नाही." तो हसला. 'पक्कं ना?' म्हणाला. पक्के म्हटले. जुना फोन कपाटात न ठेवता, विद्युत्-कचरा रीतसर घेणाऱ्याकडे देण्याचेही कबूल केले. ही अट माझ्या घरच्या कपाटांचा विचार करता अधिक कठीण आहे.

मग खिडकीच्या उजेडात बसून फोनसमोर चेहरा धरला. डोळे मिटा, उघडा, अशा त्याच्या आज्ञा पाळल्या. क्षणभराने दाखला आला: मी हयात आहे. मोठ्या विजयाने तो आमच्या मंडळींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सारा वाचला आणि चादरीची घडी घालीत म्हणाल्या, "फोनला दोन वर्षांची मुदत मिळाली, तुम्हांला एकाच वर्षाची. आता जरा जपून!"