मापातली ज्वारी

पोत्यावर ‘दारी’ असं छापलेलं होतं. शेजारच्या आजोबांनी परसातल्या लाकडी खोपटात ते उघडून ठेवलं होतं. मी सहज मूठ आत घातली आणि ती तशीच आत राहिली. पांढरट, गोल, बोटांच्या फटींतून निसटणारे गार दाणे. माझं माहेर बार्शीकडचं. शाळूच्या राशीवर लोळण्यात जिचं लहानपण गेलं, तिला हा स्पर्श ओळखायला डोळे उघडावे लागत नाहीत. इंग्लंडच्या मध्यावर, क्रॅडली हीथसारख्या गावात, कबुतरांच्या दाण्याच्या दुकानात ज्वारी ‘दारी’ या नावानं मिळते हे मला त्या दिवशी कळलं. “ही आमची भाकरी,” मी म्हणाले. आजोबांनी आपल्या तळहातावरचे चार दाणे निरखले आणि विचारलं, “रोज किती खाता?”

प्रश्न मनापासून होता. त्यांची सगळी विद्या याच एका प्रश्नावर उभी आहे, हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत ते स्पर्धेसाठी वीस कबुतरं तयार करत होते, आणि मी कामावरून आल्यावर चहाचा कप घेऊन त्यांच्या कुंपणाशी उभी राहत होते.

बर्मिंगहॅम रोलर. हातात घेतलं तर अडीचशे ग्रॅमच्या आसपासचं, आखूड बांध्याचं, साधं कबुतर. खरं रूप दिसतं ते आभाळात. थवा घरावरच घिरट्या घालत असतो. आणि मध्येच त्यातलं एक पाखरू पंख वर उचलून मागच्या मागं कोलांटी घेतं. कोलांटीत कोलांटी गुंतत जाते, इतक्या वेगानं की पंख, चोच, शेपूट काहीच वेगळं दिसत नाही. सुताचा गुंडा उंचावरून सोडून द्यावा तसा एक गोळा सरळ रेषेत वीस-तीस फूट खाली येतो. मग तो गोळा उलगडतो, त्यातून पुन्हा कबुतर निघतं, आणि पंख मारत वर जाऊन आपल्या थव्यात मिसळतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडले होते. मला वाटलं, कोणीतरी गोळी घातली.

या टापूला ब्लॅक कंट्री म्हणतात. कोळसा आणि धूर यांनी दिलेलं नाव. घरामागं भट्टी आणि भट्टीत लाल होणाऱ्या साखळीच्या कड्या, असं इथलं जगणं होतं. १९१० साली इथल्या साखळ्या घडवणाऱ्या बायकांनी मेरी मॅकार्थरच्या पुढाकारानं दहा आठवडे संप केला आणि किमान मजुरीचा हक्क पदरात पाडून घेतला. जवळच्या नेदरटनमध्ये टायटॅनिकचा मोठा नांगर तयार झाला. तो डडलीच्या रेल्वे स्टेशनापर्यंत ओढायला वीस घोडे जुंपले होते. एवढ्या जड लोखंडाशी दिवसभर झटणाऱ्या माणसांनी संध्याकाळी हातात घ्यायला हे एवढंसं पाखरू निवडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. अंगण वीस फुटांचं, दोन्ही बाजूंना भिंती. अशा माणसाचं रान वरच असणार. शर्यतीचं कबुतर दूर कुठंतरी नेऊन सोडावं लागतं. रोलर मात्र धन्याच्या छपरावरच सगळा खेळ करतो. पाटावर बसून पाहावा असा.

ही जात ज्यांच्यामुळं जगभर गेली त्या विल्यम पेन्सम यांचं नाव आजोबा थोडं थांबून घ्यायचे, आपल्याकडं गवई लोक गुरूचं नाव घेताना थांबतात तसं. पेन्सम १९५० साली अमेरिकेला गेले आणि १९६८ साली वारले. आजोबांनी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

मला मात्र राहून राहून मिरजेच्या मामांची ढाबळ आठवायची. तिथली स्पर्धा तासांची. कडक उन्हाळ्यात, सकाळी पंचांसमोर कबुतरं सुटायची आणि मग दिवसभर सगळ्यांच्या माना वर. कबुतर ठिपका व्हायचं, मग ठिपकाही आभाळात विरघळून जायचा. दिवस कलल्यावर ते आपल्याच ढाबळीवर उतरलं तर जिंकलं. मामी मामांचं ताट झाकून ठेवायच्या. इथं हिशेब सेकंदांचा. एका गिरकीला फार तर दीड-दोन सेकंद लागतात, आणि त्या दोन सेकंदांसाठी वर्षभर पहाटे उठायचं. मामांना हे सांगितलं असतं तर त्यांना पटलं असतं का, असा विचार मी बरेचदा करते. पटलं असतं, असं वाटतं. कोलांटणारी कबुतरं आपल्याकडं काही नवी नाहीत. अकबर बादशहा कबुतरांच्या नादाला ‘इश्कबाजी’ म्हणायचा, आणि गिरक्या-कोलांट्या घेणाऱ्या त्याच्या कबुतरांचं वर्णन अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त केलं आहे. डार्विननंही आपल्या पुस्तकांत अकबराच्या वीस हजार कबुतरांची आठवण काढली, आणि हिंदुस्थानातल्या ‘लोटन’ कबुतराबद्दल लिहिलं. लोटन हलकेच हलवून जमिनीवर ठेवलं की लोळतच सुटतं, उचलून तोंडावर फुंकर घातल्यावर शांत होतं. ही फुंकर मला फार आवडते. काही हजार मैलांवर कोणीतरी कोणाच्या तरी तोंडावर घातलेली फुंकर, आणि लंडनजवळच्या एका घरात बसून ती लिहून ठेवणारा माणूस.

तर दाणा. वीस कबुतरांना मिळून अर्ध्या किलोच्या थोडं वर, दिवसातून एकदाच, आणि उडून उतरल्यावर. आजोबा तो तराजूवर तोलायचे. गहू किती, ज्वारी किती, वाटाणा घालायचा की नाही, हे रोज ठरायचं, आणि ठरायचं ते आभाळाकडं बघून. कबुतरं फार उंच जाऊन ताठ उडायला लागली, कोलांट्या कमी झाल्या, की त्यांच्या अंगात जोर जास्त झाला. मग दोन दिवस नुसता गहू. लवकर थकून छपरावर बसायला लागली, की माप कमी पडलं; मग ज्वारी वाढवायची. जोर हवा, पण मस्ती नको. भूक हवी, पण अशक्तपणा अजिबात नको, कारण अशक्त पाखरू गिरकीत शिरतं आणि तिच्यातून बाहेर पडायचं बळ त्याला राहत नाही.

हे मी पाहिलं आहे. एक तरणा नर थव्यातून सुटला, गोळा झाला, आणि गोळाच राहिला. पलीकडच्या गॅरेजच्या पत्र्यावर आवाज झाला. आजोबा धावले नाहीत. ऐंशीच्या घरातला माणूस, पण वयामुळं नाही. काय दिसणार ते त्यांना माहीत होतं. परत आले तेव्हा त्यांनी कोटाच्या आत काहीतरी धरलं होतं, आणि त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वंशावळीची वही काढून त्यांनी त्या नराच्या आईबापांच्या नावापुढं रेघ मारली. पुढं त्या जोडीची अंडी घ्यायची नाहीत. गिरकी रक्तातून येते, शिकवता येत नाही. म्हणून कोणत्या रक्ताला पुढं जाऊ द्यायचं याची जबाबदारी माणसावर पडते, असं ते मानायचे. पाखरांच्या जिवाशी हा खेळ करावा का, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. ती वही पाहिल्यावर वाटलं, तो प्रश्न ते स्वतःला रोज विचारत असणार.

पिल्लं सतरा-अठरा दिवसांत अंड्यातून येतात. आठवड्याभराची झाली की पायात कडी चढते, सालाचा आकडा कोरलेली. महिना-सव्वा महिन्याची झाली की आईबापांपासून वेगळी. मग छपराची ओळख, शिट्टीची ओळख, पत्र्याच्या डब्यात दाणे खुळखुळले की घरी यायचं ही ओळख. काही महिन्यांनी एखादं पिल्लू उडता उडता अचानक शेपटीवर बसल्यासारखं करतं, दचकतं, आणि पुन्हा उडायला लागतं. तो दिवस आजोबा वहीत लिहायचे. आपण बाळाचं पहिलं पाऊल लक्षात ठेवतो ना, तसंच.

स्पर्धा रोलर कबुतरांच्या वर्ल्ड कपच्या विभागीय फेरीची होती. परीक्षक घरोघर जातो; प्रत्येकाच्या परसातून त्याची त्याची कबुतरं बघतो. थव्यात पंधरा ते वीस पाखरं, वेळ वीस मिनिटं. निदान पाच कबुतरं एकाच क्षणी गिरकीत गेली तरच गुण मिळतात. एकट्यादुकट्याची गिरकी कितीही सुंदर असो, तिची नोंद नाही. शेवटी गिरकी किती नितळ आणि किती खोल, यावर त्या गुणांचा गुणाकार होतो. थव्यापासून फुटून राहणारी पाखरं वाढली की परीक्षकाचं मोजणं थांबतं.

म्हणून चंद्री संघात नव्हती.

हे नाव माझं. आजोबांकडं तिचा फक्त कडीवरचा आकडा होता. काळी मादी, कपाळावर पांढरा चांद. तिच्याइतकं नितळ कोणीच फिरायचं नाही. ती फिरायला लागली की मधोमध एक बारीक भोक दिसतंय असं वाटायचं, चाती फिरताना दिसतं तसं. पण ती इतकी खोल यायची की थव्यात परतायला तिला वेळ लागायचा, आणि ती वाटेत असतानाच बाकीचे पुन्हा गिरकीत जायचे. अठ्ठावीसमधून वीस निवडायची होती. आजोबांनी ती निवड तीन रात्री केली. तिसऱ्या रात्री खोपटातला दिवा बराच वेळ जळत होता. सकाळी चंद्री दुसऱ्या खणात होती. “सगळ्यात चांगली आहे ती,” मी म्हणाले. ते म्हणाले, “हो, बॅब.” इकडच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना लावायचा हा लाडाचा शब्द. “पण तिच्यासाठी बाकीच्या एकोणिसांना थांबता येत नाही.”

शेवटचे तीन दिवस विश्रांती. खणांत अंधार, उडणं बंद, माप बेतलेलं. नर-माद्या तर केव्हाच वेगळ्या केलेल्या, जोड्या जमायला नकोत म्हणून. विष्ठा घट्ट आहे का, डोळा कोरडा आहे का, छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस किती आहे हे ते बोटांनी बघायचे. पिसांवर फुंकर घालून खालची कातडी बघायचे. मला डार्विनची फुंकर आठवायची.

ससाण्याची भीती होतीच. बहिरी ससाणा चर्चच्या मनोऱ्यावर बसलेला दिसला की आजोबा त्या दिवशी दार उघडायचे नाहीत. ससाण्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. २००७ साली अमेरिकेत रोलर पाळणाऱ्या काही लोकांवर ससाणे मारल्याबद्दल खटले झाले. त्या बातमीबद्दल बोलताना आजोबांचा आवाज चढला होता. ज्याला वर बघण्यात सुख वाटतं, त्यानं वरचं काही मारायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं.

स्पर्धेच्या सकाळी आभाळ ढगाळ आणि वारा मंद होता. ढग चांगले, त्यांच्यावर पाखरू उठून दिसतं. परीक्षक आला, त्याच्यासोबत आकडे टिपणारा एक जण आला. माझ्याकडं लक्का कबुतरांची पाटी होती. पांढऱ्याशुभ्र लक्क्यांनी छपरावर पिसारा उघडला की वरची कबुतरं उतरतात. वेळ संपेपर्यंत ती झाकून ठेवणं हे माझं काम. आजोबांनी दार उघडलं. वीसच्या वीस एका फडफडीत वर. दोन घिरट्यांत थवा असा बांधला गेला की वरून रुमाल टाकला असता तर त्यात मावला असता. आजोबांनी वेळ सुरू करायला सांगितलं, आणि त्यानंतर ते काहीच करू शकत नव्हते. शिट्टी नाही, खूण नाही. इतक्या तयारीनंतरचा तो रिकामा हात मी जवळून पाहिला. ते अंगठा तर्जनीवर घासत होते, दाणे चाचपल्यासारखे.

पहिली सहा-सात मिनिटं नुसत्या घिरट्या. मग वळणावर सहा फुटली. परीक्षकानं आकडा उच्चारला. मग सात. मग पाच. आणि मग, थवा गॅरेजच्या वर वळत असताना, जवळजवळ सगळाच्या सगळा उसवला. शिवण ओढल्यावर टाके भराभर सुटावेत तशी ती सुटली, वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळे गोळे, आणि क्षणभर आभाळात जिथं थवा होता तिथं दोन-तीन पाखरं गोंधळल्यासारखी उडत राहिली. “चौदा,” परीक्षक म्हणाला. आवाज त्याचाही नेहमीचा नव्हता. खालून पाखरं एकेक करून वर चढू लागली, आणि कोणी कोणाला बोलावलं नसताना थवा पुन्हा बांधला गेला.

विभागात ते तिसरे आले. कपाटावर आधीच्या फिती होत्या, तिथं आणखी एक लागली.

संध्याकाळी मी रिकामा कप परत घ्यायला गेले तर ते दुसऱ्या खणाचं दार उघडत होते. राहिलेली आठ. त्यांना तीन दिवस विश्रांती नव्हती, त्यांचा दाणाही तसा बेतलेला नव्हता. तरी ती गेली वर, सैलसर, गप्पा मारत जाणाऱ्या माणसांसारखी. आम्ही दोघं काही न बोलता मान वर करून उभे. ऊन तिरकं झालं होतं. चंद्री सुटली. मी मनात मोजायला लागले, एक, आणि दोन म्हणायच्या आत ती घराच्या धुराड्याच्या वर उलगडली, पार खाली. बाकी सात फार पुढं गेली होती. ती एकटी पंख मारत चढत राहिली. सात जणांचं वळण मोठं होतं. ते पलीकडच्या घरांवरून फिरून येईपर्यंत ती अर्ध्यावर पोचली होती, आणि थवा तिच्यावरून जाता जाता थोडा खाली आला, आणि ती त्यात होती.