कच्ची वीट

आमच्या मांजर्लीत ‘डेव्हलपर’ कुणाला म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. जो स्टेशनपासून पंचवीस मिनिटांवर इमारत उभी करतो आणि जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असं छापतो, तो डेव्हलपर. तसल्याच एका इमारतीतल्या वन बीएचकेचे हप्ते गेली बारा वर्षं माझ्या पगारातून परस्पर कापले जात आहेत. त्यामुळे गेल्या श्रावणात एका रविवारी दुपारी माझ्या फोनने जेव्हा मला ‘आपण आता डेव्हलपर झाला आहात’ असं कळवलं, तेव्हा मी आधी दार लावलेलं आहे ना, ते पाहिलं.

या पदवीसाठी मी काय केलं होतं? फोनच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी ‘बिल्ड नंबर’ नावाची एक निरुपद्रवी ओळ असते. तिच्यावर बोटाने सात वेळा टिचकी मारली. बस्स. सात पावलं चाललं की माणूस नवरा होतो आणि सात टिचक्या मारल्या की डेव्हलपर. पदवी दोन्हीकडे चटकन मिळते. अधिकार मात्र प्रत्येक वेळी विचारून घ्यावे लागतात.

आणि हे सगळं करण्याची पाळी माझ्यावर आणली ती माझ्याच बँकेने.

माझा फोन २०१८ सालचा. एका कोपऱ्याचा टवका उडालेला, पण काच शाबूत. बॅटरी एकदा बदललेली. त्याच्या दुसऱ्या वाढदिवसानंतर कंपनीने त्याला नवीन अँड्रॉइड पाठवणं बंद केलं. तेव्हाची रीतच ती होती. पुढे गूगलने २०२३ साली आणि सॅमसंगने २०२४ साली सात-सात वर्षं अपडेट देण्याचं कबूल केलं म्हणे, पण ते त्यांच्या महागड्या फोनांना. मला त्याचा उपयोग चुलत्याच्या इस्टेटीइतकाच. फोनला काही वाटलं नाही, मलाही नाही. आम्ही दोघं सुखाने ७.२३ च्या गाडीने जात-येत होतो. आणि एके सकाळी आमच्या बँकेचं ॲप उघडलं, तर त्याने सांगितलं की आपल्या अँड्रॉइडची आवृत्ती जुनी आहे, तरी नवीन फोन वापरावा.

हे वाक्य मला पाठ होतं. काउंटरमागे बसून मी ते दिवसातून चार वेळा म्हणतो. “आजी, फोन जुना झालाय तुमचा, नवीन घ्या.” एकदा एका आजींनी मान वर करून आमच्या शाखेच्या छताकडे पाहिलं होतं, जिथून पावसाळ्यात बादलीत थेंब पडत असतात, आणि विचारलं होतं, “ही इमारत कधी घेतलीत?”

घरी विषय काढला. सौ. म्हणाली, “अहो, मग घ्या की नवीन.”

“चांगला चालणारा फोन टाकून द्यायचा?”

“चांगला चालणारा मिक्सर गेल्या दिवाळीत एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलात, तेव्हा नाही असं वाटलं?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं, हे लग्नाला इतकी वर्षं झालेल्या वाचकांना सांगायला नको. नेमका त्याच वेळी डोंबिवलीहून भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फोन हातात घेऊन त्याने वैद्यासारखा उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, “मामा, फोन कुठे जुना झालाय? आतलं सॉफ्टवेअर जुनं झालंय. मी बदलून देतो. फुकट.”

मी कॉमर्सचा पदवीधर. आख्ख्या वाक्यातला शेवटचा शब्द मला सर्वांत स्पष्ट ऐकू आला. शिवाय आमच्या गावाचं नावच बदलापूर. शिवकाळात इथे घोडे बदलत म्हणून हे नाव पडलं, असं जुनी माणसं सांगतात. इथे घोडा तोच ठेवून स्वार बदलायचा होता, एवढंच.

भाच्याने मला हे शास्त्र समजावून सांगितलं ते इंग्रजीतून, पण मला कळलं ते बँकेतून. फोनचं बटण दाबलं की आत सगळ्यांत आधी जो जागा होतो, तो बूटलोडर. हा आमच्या हेडक्लार्कसारखा. पुढे येणारं सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे ना, हे तो त्याच्यावरची सही नमुना सहीशी ताडून पाहतो. जुळली तर आत, नाही तर घरी. त्याचं कुलूप उघडणं, म्हणजे ‘अनलॉक’ करणं, म्हणजे या हेडक्लार्कला ‘यापुढे सही बघू नका’ असं लेखी देणं. आणि ‘रूट’ हे फोनमधल्या सर्वाधिकाऱ्याचं नाव. युनिक्सच्या घराण्यातली ही जुनी पद्धत, लिनक्समधून अँड्रॉइडमध्ये आलेली. रूट वाटेल ते वाचतो, वाटेल ते पुसतो. कंपनी आपल्याला फोन विकते, पण हे सर्वाधिकाऱ्याचं खातं देत नाही. म्हणजे पैसे मोजले मी, आणि माझ्याच फोनात मी पेइंग गेस्ट! कंपनीने आधीपासून घालून दिलेला पत्त्यांचा एक खेळ इतकी वर्षं मला काढता येत नव्हता, त्याचं कारण आता कळलं. मालकाच्या सामानाला हात लावायचा नसतो.

गंमत म्हणजे, पहिल्या अँड्रॉइड फोनची तऱ्हा याच्या अगदी उलटी होती. एचटीसीने बनवलेला तो फोन २००८ साली अमेरिकेत निघाला, आणि एका चुकीमुळे त्याच्यावर टाइप केलेलं प्रत्येक अक्षर पडद्याआड रूटचा हुकूम म्हणूनही पोचत होतं. एका गृहस्थाने गप्पांच्या ओघात ‘रीबूट’ एवढाच शब्द लिहिला, आणि फोन खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. चूक लगेच सुधारली म्हणा. आमच्या घरात मी इतकी वर्षं बोलतो आहे, पण माझ्या शब्दाने साधा पंखा बंद झालेला नाही.

त्या फोनपासूनच या हौशी मंडळींचा संप्रदाय वाढला. २००९ साली स्टीव्ह कोंडिक नावाच्या गृहस्थाने ‘सायनोजेनमॉड’ काढलं आणि जगभरची पोरं आपापले फोन सोलू लागली. पुढे त्याची रीतसर कंपनी झाली, आणि कंपनी झाल्यावर जे व्हायचं ते झालं. सायनोजेनचे भारतातले हक्क कुणाचे, यावरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात उभे राहिले, आणि वनप्लसच्या विक्रीला काही दिवस खीळ बसली. फुकटच्या फळांवरून कोर्टात जाणं हे मी आजवर फक्त आमच्या कोकणातल्या सामाईक फणसाच्या बाबतीत पाहिलं होतं. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनने गाशा गुंडाळला आणि त्याच्याच मुळातून ‘लिनिएजओएस’ फुटलं. लिनिएज म्हणजे वंशावळ. हीच वंशावळ माझ्या फोनात भरायची होती.

पण आधी कुलूप. कंपनीकडे अर्ज केला, तर उत्तर आलं की १६८ तास थांबा. सात दिवस असं म्हणायचं नाही, १६८ तास! अर्जदाराला घाबरवायचं असेल तर मुदत दिवसांत सांगू नये, तासांत सांगावी. ही युक्ती आमच्या बँकेला अजून सुचलेली नाही. माझ्यामुळे सुचू नये.

१६८ तासांनी, म्हणजे पुढच्या रविवारी, भाचा लॅपटॉप घेऊन हजर झाला. फोनने शेवटचं बजावलं की कुलूप उघडलं तर आतलं सगळं पुसलं जाईल. मी उसळलो. “माझा फोन, माझा डेटा, हा कोण पुसणारा?” भाचा म्हणाला, “मामा, उद्या तुमचा फोन चोराने नेला आणि कुलूप असंच उघडून आत शिरला तर? म्हणून दार उघडायच्या आधी घर रिकामं करतात.” याला काय उत्तर देणार? फोटो आधीच उतरवून घेतले होते. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा दीड वर्षाचा हिशेब मात्र राहिला तो राहिलाच. मी खजिनदार आहे, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात नव्हतं. नंतर मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलं.

नवीन सॉफ्टवेअर अर्धंअधिक आत गेलं आणि वीज गेली. भाच्याच्या लॅपटॉपची बॅटरी अशी की वायर सुटली की मान टाकते. फोन बंद. सुरू केला तर कंपनीचं नाव येई, जाई, पुन्हा येई, पुन्हा जाई. बदलापूरच्या फलाटावर पावसाळ्यात इंडिकेटर दाखवतो तसं. गाडी मात्र नाही.

“याला ब्रिक म्हणतात,” भाचा शांतपणे म्हणाला. “वीट झाली.”

सौ. आतून म्हणाली, “बरं झालं. दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावायला होईल.”

भाचा म्हणाला, “मामी, ही सॉफ्ट ब्रिक आहे. हार्ड नाही.” हा फरक मला वांगणीकडच्या वीटभट्ट्यांमुळे पटकन कळला. कच्ची वीट पाण्यात टाकली की तिची पुन्हा माती होते आणि पुन्हा साच्यात घालता येते. भट्टीतून निघाली की मग ती वीट ती वीट. आमचा विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे तो पक्क्या विटेवर. माझा फोन अजून कच्चा होता. रात्री पावणेदहाला वीज आली. भाच्याने आवाज कमी करायचं बटण आणि चालू करायचं बटण एकदम दाबून धरलं, पहिल्यापासून सगळं पुन्हा भरलं, आणि साडेअकराला माझ्या २०१८ च्या फोनात नवंकोरं अँड्रॉइड उगवलं. पत्त्यांचा खेळ नाही, जाहिराती नाहीत, आणि हात लावताच हरणासारखा पळणारा फोन! मी भाच्याला पाचशे रुपये दिले. फुकटचं काम होतं म्हणून पाचशे.

एकच नवीन गोष्ट होती. फोन सुरू करताना दर वेळी काळ्या पडद्यावर सूचना येऊ लागली की या यंत्राचं कुलूप उघडलेलं आहे, त्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही, ते पाच सेकंदांत सुरू होईल. घरात हा इशारा मला रोजच मिळत असल्याने मी मनावर घेतलं नाही.

सकाळी बँकेचं ॲप टाकलं. त्याने सांगितलं की आपल्या उपकरणाच्या सुरक्षेत फेरफार झालेला असल्याने ॲप बंद होत आहे. आणि झालं बंद.

जुनं होतं तेव्हा जुनं म्हणून नको. नवीन केलं तर नवीन का केलं म्हणून नको. याचंही कोडं भाच्याने फोनवरून उलगडलं. पूर्वी आमच्याकडे खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागत असे ना, तसं हे ॲप आधी गूगलला विचारतं, “हा फोन ओळखीचा आहे का?” गूगल सांगतं, “आहे, पण कुलूप उघडं आहे. तुमचं तुम्ही बघा.” मग बँक कशाला हात घालेल?

“पण मामा, यावर उपाय आहे,” भाचा म्हणाला. “फोन रूट करू आणि मॅजिस्क टाकू. मग कुलूप उघडल्याचं ॲपला कळणारच नाही.”

“म्हणजे एक कुलूप उघडलं हे लपवण्यासाठी दुसरं, मोठं कुलूप उघडायचं?”

“तसंच काहीसं.”

मॅजिस्क म्हणजे जादू आणि मुखवटा यांची संधी. २०१६ साली जॉन वू या तरुणाने ते काढलं. २०२१ साली त्याला गूगलनेच अँड्रॉइडच्या सुरक्षा विभागात नोकरी दिली, तेव्हा त्याने त्यातली लपवाछपवीची मूळ सोय काढून टाकली. नोकरी लागल्यावर माणूस सुधारतो, यावर माझा विश्वास बसला. पण त्याच्या चेल्यांनी लपवायच्या दुसऱ्या वाटा काढल्या होत्याच. त्यांतली एक भाच्याने पुढच्या रविवारी वापरली, आणि ॲप उघडलं! शिल्लक दिसली. नेहमीइतकीच कमी होती, तरी आनंद झाला.

रात्री मात्र झोप लागेना. वीस वर्षं लोकांकडे आधार आणि पॅन मागणारा मी, माझ्याच बँकेसमोर मुखवटा लावून उभा होतो. आणि बँकेचं चुकतं तरी काय? रूटची गुरुकिल्ली उद्या एखाद्या लबाड ॲपच्या हाती लागली तर ते ओटीपीसकट सगळं वाचून जाईल. खोट्या केवायसीच्या फोनला फसून रडत आलेली माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत. हे एका कुशीवर. दुसऱ्या कुशीवर वळलो की वाटे, आमच्या शिपायाच्या फोनला तीन वर्षांत एकही सुरक्षा-दुरुस्ती आलेली नाही, पण आवृत्ती कशीबशी अटीत बसते आणि कंपनीचं कुलूप शाबूत आहे, म्हणून तो विश्वासाचा. माझ्यात गेल्याच महिन्याच्या सगळ्या दुरुस्त्या, आणि मी संशयित! सही तपासणारा, माणूस न तपासणारा हा कारकून मला फार ओळखीचा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्याच आजी आल्या. फोन पुढे केला. ॲप उघडत नव्हतं. मी सवयीने तोंड उघडलं, “आजी, फोन जु...” आणि पुढचं काही येईना. शेवटी पैसे काढायची स्लिप मीच भरली, त्यांनी थरथरत सही केली, मी ती फार निरखून न बघता पैसे दिले. त्या म्हणाल्या, “आज बरा आहेस ना रे?”

चौथ्या दिवशी ॲपने मुखवटा ओळखला आणि पुन्हा दार लावलं. या वेळी मी भाच्याला फोन केला नाही. गणपती तोंडावर आलेले, सामान आणायला पैसे हवे होते, आणि आमच्याच एटीएममध्ये नोटा संपल्या होत्या. मग जेवणाच्या सुट्टीत माझीच स्लिप भरून मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला, रांगेत, सातवा उभा राहिलो. पलीकडे दोन वर्षांपूर्वी लागलेली आमची नवी मुलगी होती. तिने स्लिप घेतली, संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, पुन्हा स्लिपकडे पाहिलं आणि संकोचाने म्हणाली, “सर, सही जुळत नाहीये. इथे नमुना सही २००३ ची आहे.”

मी डोकावून पाहिलं. पडद्यावर माझं नाव पूर्ण, सुवाच्य, खाली ठसठशीत रेघ मारून लिहिलेलं होतं. हातातल्या स्लिपवर एक आडवी लाट होती.

“सर, परत कराल का?” ती म्हणाली. मागून कुणीतरी घड्याळ बघत च्यक् केलं. मी पेन घेऊन पाच सेकंद थांबलो, आणि सुरुवात केली.