नातेपुत्याचा माळ: एकाच वाटेचे निरीक्षण

नातेपुत्याचे नीरेच्या बाजूचे शिवार उजव्या कालव्याच्या पाण्यावर उसाने हिरवे झालेले असले, तरी शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडे वळताच जमीन मुरमाड होत जाते आणि कुसळी गवत, तरवड व तुरळक हिवर यांचा माळ सुरू होतो. चैत्रातील यात्रेच्या कावडी याच डोंगरात मुंगी घाट चढतात. एरवी माळावरची वाट मेंढपाळांची, आणि क्वचित एखाद्या निसर्गनिरीक्षकाची.

निरीक्षकाने नवनव्या वाटा धुंडाळण्यापेक्षा अशी एकच वाट, वेळ आणि चाल न बदलता, प्रत्येक ऋतूत पुन्हा चालावी, कारण पूर्वी असलेले आता नाहीसे झाले आहे हे जुन्या नोंदवहीशिवाय कळत नाही. ओळखीच्या वाटेचा आणखी एक फायदा धाविक हा टिटवीपेक्षा लहान, जमिनीवरच वावरणारा पक्षी दाखवून देतो. तो चार पावले धावतो, थबकून मान ताठ करतो, वाकून किडा टिपतो आणि पुन्हा धावतो; थबकला की त्याची मातकट पाठ ढेकळांत अशी मिसळते की केवळ डोळ्यामागची काळी-पांढरी पट्टी तेवढी उरते. तो कुठे असतो हे ठाऊक असलेला निरीक्षक तिथे आधीच थांबतो, आणि पक्ष्याला हलू देतो.

हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्ये, म्हणजे गवतावरून अगदी खालून तरंगत नाकतोडे व उंदीर टिपणारे शिकारी पक्षी, या प्रदेशात उतरतात आणि रात्री झाडावर नव्हे, तर उंच गवतात जमिनीवर मुक्काम करतात. म्हणूनच दप्तरी ‘पडीक’ ठरलेल्या माळावर सरसकट झाडे लावण्याचा उत्साह तपासून पाहावा लागतो. सोलापूर व अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्यांतील माळांसाठी 1979 मध्ये अभयारण्य जाहीर होऊनही माळढोक हा गवताळ माळांवरचा मोठा पक्षी आज तेथे जवळपास दिसेनासा झाला आहे, आणि गवताळ प्रदेशाचा ऱ्हास हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते.

उन्हाळ्याच्या फेऱ्यांत मात्र पायवाट सोडू नये: टिटवी आपली खड्यांच्याच रंगाची, बहुधा चार अंडी उघड्या मुरमावर घालते, आणि ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की तिचे छायाचित्र न काढता आल्या पावली मागे फिरावे.