सायखेड्याहून सिंगापूरला : नातवंडांसह परदेशवारी

गोदावरीच्या एका तीरावर आमचे सायखेडा आणि पलीकडच्या तीरावर चांदोरी. मधला पूल ही दोन्ही गावांची रोजची वाट. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की गावातील वडीलधारे आधी नदीकडे पाहतात आणि मग सामान वर ठेवण्याच्या तयारीला लागतात. पाणी कुठवर चढले म्हणजे घरातले काय आधी हलवायचे, हे इथल्या घराघराला ठाऊक असते. पुराची अशी आगाऊ तयारी करणाऱ्या गावात सारा जन्म काढूनही, नातवंडांबरोबर परदेशी जाताना माझ्याकडून जी तयारी राहून गेली, तिची हकीकत आज आपल्याला सांगतो. आपणही मुलाबरोबर, सुनेबरोबर, लेकीबरोबर अशा प्रवासाला निघणार असाल, किंवा घरातील वृद्धांना नेण्याची जबाबदारी आपल्यावर असेल, तर तिचा उपयोग व्हावा.

द्राक्षांची काढणी संपली आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की आमच्या भागात प्रवासाचे दिवस येतात. मुलाने सिंगापूरचा बेत आखला. सोबत आठ वर्षांची नात, चार वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे म्हातारे. सहा दिवसांचा कार्यक्रम कागदावर लिहून भिंतीला लावला होता. सकाळी एक ठिकाण, दुपारी दुसरे, रात्री तिसरे. तो वाचताना माझ्या मनात एकच विचार आला, की माझ्या गुडघ्यामुळे आणि माझ्या गोळ्यांमुळे यातील एकही ठिकाण गळता कामा नये. आपल्यापैकी अनेकांच्या मनात हाच विचार येत असेल. तोच माझ्या चुकीचा आरंभ होता.

प्रवास घराच्या उंबऱ्यापासून मोजावा

मुंबई ते सिंगापूर हे विमानाचे अंतर साधारण साडेपाच तासांचे. ऐकायला ते सोपे वाटते. परंतु सायखेड्याहून मुंबईच्या विमानतळावर पोहोचण्यास वाहनाने चार ते पाच तास धरावे लागतात, विमानतळावर तीन तास आधी हजर राहावे लागते, आणि उतरल्यावर तपासणी व सामान यांत आणखी वेळ जातो. म्हणजे उंबरा ओलांडल्यापासून मुक्कामी पाठ टेकेपर्यंत चौदा-पंधरा तास होतात. चार वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या माणसाला हे अंतर सारखेच लांब पडते. शक्य असेल तर आदल्या रात्री मुंबईत नातलगांकडे मुक्काम करावा, आणि पोहोचल्याचा दिवस विश्रांतीखेरीज कशालाही देऊ नये.

कसारा घाटात लहान मुलांना मळमळते. निघण्यापूर्वी भरपेट जेवू घालू नये, थोडे कोरडे खाणे द्यावे आणि मुलाला बाहेर दूरवर पाहण्यास सांगावे. विमान खाली उतरू लागले, की मुलांचे कान दुखतात. त्या वेळी घोट घोट पाणी प्यायला द्यावे, अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजावे. गिळण्याच्या क्रियेने कानातील दाब सारखा होतो.

वृद्धांनी पायांची काळजी घ्यावी. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर तासाला घोटे वरखाली हलवावेत, मधूनमधून उठून दोन रांगांमधील वाटेत चार पावले टाकावीत. पूर्वी असा त्रास झाला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. चाकाच्या खुर्चीची सोय हवी असल्यास विमान कंपनीला किमान दोन दिवस आधी कळवावे. त्यात कमीपणा काही नाही. विमानतळावरील लांबच लांब वाटा चालून थकण्यापेक्षा ती शक्ती नातवंडांसाठी राखून ठेवलेली बरी.

पिशवीत काय असावे, काय नसावे

कागदपत्रांची सुरुवात लवकर करावी. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असला, तरी लहान मुलांचा सहसा पाच वर्षांचाच असतो; तो संपत आल्याचे ऐन वेळी लक्षात येते. सिंगापूरला पोहोचताना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते.

औषधे नेहमी हातातील पिशवीत ठेवावीत. मोठी पेटी चुकली, तर गोळ्या तिच्याबरोबर जातात; आणि इन्सुलिन सामानाच्या कक्षातील थंडीने गोठून निकामी होण्याची भीती असते. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी आणि तिच्यावर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडील व्यापारी नाव तिकडच्या दुकानात कोणी ओळखत नाही. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे नेण्यासाठी सिंगापूरच्या आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी लागू शकते. मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांकडून वजनानुसार तापाच्या औषधाचे प्रमाण लिहून घ्यावे आणि जलसंजीवनीची पाकिटे बरोबर ठेवावीत.

आता घरातील आजींसाठी एक महत्त्वाची सूचना. नातवंडांसाठी डिंकाचे लाडू किंवा अनारसे बरोबर नेण्याचा आपला उत्साह मी जाणतो. परंतु त्यांत खसखस नसावी. खसखस अफूच्या झाडापासून मिळते, म्हणून सिंगापूर, दुबई अशा ठिकाणी ती नेण्यास मनाई आहे. नकळत नेली तरी चौकशीला तोंड द्यावे लागते. तोंडात धरण्याच्या तंबाखूलाही सिंगापुरात बंदी आहे, आणि मशेरी ही तंबाखूच होय. ज्यांना तिची सवय आहे, त्यांनी आधी काही महिने ती सोडण्याचा प्रयत्न करावा. प्रवासाच्या निमित्ताने कायमची सुटली तर उत्तमच.

सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. इथे सकाळी आठला घेतली जाणारी गोळी तिथल्या साडेदहाला येते. वेळा कशा बदलाव्यात, विशेषतः मधुमेहाच्या औषधांच्या, हे डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच कागदावर उतरवून घ्यावे.

मी काय लपवले

सिंगापूर विषुववृत्तापासून अवघ्या दीडशे किलोमीटरच्या आत आहे. वर्षभर दुपारचे तापमान ३१ ते ३३ अंशांच्या आसपास राहते. निफाड तालुक्यातील माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो. आमच्याकडचा उन्हाळा याहून कितीतरी कडक असतो. पण आमचा उन्हाळा कोरडा असतो. तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. लहान मुले आणि वृद्ध यांना याचा त्रास सर्वांत आधी होतो.

मला रक्तदाबासाठी रोज सकाळी लघवीची गोळी असते. ती घेतली, की दोन-तीन तास वारंवार स्वच्छतागृह शोधावे लागते. सर्वांना आपल्यासाठी थांबावे लागेल या संकोचाने मी पहिल्या दिवसापासून ती गोळी बंद केली आणि पाणीही जेमतेम प्यालो. कोणालाही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालयात होतो. सिंगापूरचे हे संग्रहालय १९७३ साली सुरू झाले. तिथे बहुतेक प्राणी गजांआड नसून खंदक आणि झाडी यांच्या आडोशाने मोकळे ठेवलेले दिसतात. मुले हरखून गेली होती. अकराच्या सुमारास नातू रस्त्यातच बसला आणि म्हणाला, "माझे पाय दुखतात. मला शू आली. मला पाणी पण पाहिजे." एका दमात त्याने तिन्ही तक्रारी सांगितल्या. मला नेमके हेच तीन त्रास होत होते आणि मी एकही शब्द बोललो नव्हतो.

थोड्याच वेळाने मला भोवळ आली. नातीने सांगितले, की आजोबांचे ओठ सुकले आहेत. सावलीत बसवून मुलाने पाणी दिले. संध्याकाळी दवाखान्यात रक्तदाब मोजला, तो बराच वाढलेला होता. डॉक्टरांनी गोळी पूर्ववत सुरू करण्यास सांगितले. मुलगा रागावला नाही. "बाबा, तुम्ही सांगितलं असतं तर आपण दहा वेळा थांबलो असतो," एवढेच तो म्हणाला. सौ. मात्र त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

लघवीची, रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी प्रवासासाठी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. तिची वेळ पुढेमागे करता येते का, हे डॉक्टरांना विचारावे. पुष्कळदा मार्ग निघतो. पाणी कमी पिणे हा तर उपाय नव्हेच. तिथे नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, म्हणून बाटली कुठेही भरून घेता येते. फक्त मेट्रोत खाण्यापिण्यास मनाई असून पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीत चढण्यापूर्वीच सर्वांनी पाणी पिऊन घ्यावे.

कार्यक्रम पुन्हा लिहिला

चौथ्या दिवशी मुलाने जुना कागद काढून टाकला. नवा नियम असा ठरला : दिवसातून एकच मोठे ठिकाण, तेही सकाळी, बारा ते चार खोलीत जेवण व झोप, संध्याकाळी जवळपास फेरफटका. नातवाची झोप आणि माझी विश्रांती एकाच वेळी येत असल्यामुळे कोणालाही कोणासाठी अडकून पडावे लागले नाही.

वनस्पती उद्यानात आम्ही सकाळी लवकर गेलो. १८५९ साली स्थापन झालेले हे उद्यान २०१५ मध्ये जागतिक वारसा स्थळ ठरले. ऑर्किडचा विभाग वगळता प्रवेश विनामूल्य आहे. लहान मुलांसाठी स्वतंत्र बाग आहे आणि बसण्यास ठिकठिकाणी बाके आहेत. दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या बागेतील काचेचे फुलघर पाहिले. आत वातानुकूलित गारवा असतो, त्यामुळे दमट हवेने जीव घाबरा होणाऱ्यांना तिथे बरे वाटते. अंगावर मात्र पातळ शाल असावी. संध्याकाळी लिटल इंडियात इडली आणि दहीभात मिळाला, आणि मुलांची पोटे ताळ्यावर आली.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही सिंगापूर नदीच्या काठी बसलो. एके काळी ही नदी कचऱ्याने आणि सांडपाण्याने भरून गेली होती. १९७७ पासून दहा वर्षे झटून तेथील शासनाने ती स्वच्छ केली. नात म्हणाली, "आजोबा, आपली गंगा पण अशी करता येईल का?" आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. भिंतीवरच्या पहिल्या कार्यक्रमात नदीकाठी नुसते बसून राहण्यासाठी अर्धा तासही ठेवलेला नव्हता. तो असता, तर हा प्रश्न तिला सुचला नसता.

निघण्यापूर्वी घरीच करण्यासारखे

परदेशाच्या प्रवासाची रंगीत तालीम आपल्या गावाजवळ करता येते. आमच्यापासून जवळच नांदूरमध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील हे पाणस्थळ २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात तेथे दूरदूरचे पक्षी उतरतात. सर्व कुटुंबाने तिथे एक सकाळ घालवावी. कोण किती चालतो, मूल किती वेळाने कंटाळते, आजीला कितीदा बसावे लागते, हे शांतपणे पाहावे. जे दोन तास इथे झेपत नाहीत, ते तिथेही झेपणार नाहीत. परतल्यावर तीच मोजणी हाताशी ठेवून परदेशाचा कार्यक्रम आखावा.

सांभाळणाऱ्या मुला-सुनांना दोन विनंत्या. गर्दीत एकाच माणसाकडे मूल आणि वृद्ध अशी दुहेरी जबाबदारी देऊ नये. कोणाचा हात कोणी धरायचा, हे रोज सकाळी ठरवावे. परक्या शहरात नातवंडे तासन्‌तास आजी-आजोबांवर सोपवून जाऊ नये. मुलांच्या आणि वृद्धांच्याही खिशात नाव, मुक्कामाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. सिंगापुरात रुग्णवाहिकेसाठी ९९५ हा क्रमांक आहे, तो सर्वांना पाठ असावा. प्रवास विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. लपवलेल्या आजाराचा खर्च विमा देत नाही.

आणि आपण जे वयाने मोठे आहोत, त्यांच्यासाठी एवढेच. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येकाने आपल्याला काय जड जाते ते बोलून दाखवावे. सुरुवात सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने करावी. मला गुडघ्याचा त्रास आहे, मला वारंवार उठावे लागते, मला दुपारी झोप लागते, ही वाक्ये उच्चारायला अवघड जातात. पण ती ऐकूनच मुले बेत नीट आखू शकतात. आमच्या घरी पुढच्या वर्षी पुन्हा कुठे जायचे याची चर्चा सुरू आहे. भिंतीवरचा नवा कागद अजून कोरा आहे. त्याच्या पहिल्या ओळीवर मी माझ्या हाताने लिहून ठेवले आहे : सकाळची गोळी आठ वाजता, त्यानंतर दोन तास मुक्कामीच.