भिंतीतली जपानी लक्ष्मी

मैत्रिणींनो, तुमच्या सासरी-माहेरी जुन्या घरात देवघराशेजारी किंवा सोप्याच्या भिंतीत उठावाच्या नक्षीची चकचकीत टाइल असेल, तर एकदा निरखून पाहाच. सहा इंचांचा चौकोन, हिरवे-गुलाबी-निळे रंग. अशी एखादी निखळली, की कित्येकदा पाठीवर ‘मेड इन जपान’ असं उमटलेलं सापडतं!

जपानात घरं लाकडाची, दारं कागदाची. रंगीत टाइल तिथली जुनी नव्हेच. गोदामांना आगीपासून जपायला मात्र भिंतींवर काळ्या चौकोनी लाद्या बसवून सांधे पांढऱ्या चुन्याने फुगवीत. पुढे इंग्रजांची ‘मजोलिका’ टाइल पाहून विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या कारखान्यांनी ती स्वतः करायला घेतली. कोरडी माती साच्यात दाबायची, भाजायची, वर रंगीत झिलई चढवायची. १९१४ च्या महायुद्धात युरोपचा माल अडला आणि जपानी माल आशियाभर गेला. १९२२ साली तिथल्या व्यावसायिकांनी तोवरची नाना नावं सोडून ‘ताइरु’ हे एकच नाव ठरवलं. १९२३ च्या भूकंपात टोकियोतल्या विटांच्या इमारती कोसळल्या. मग काँक्रीटवर टाइल चढवण्याची रीत रुळली. आपल्याकडे विकायला त्यांनी देवदेवता घडवल्या, त्याही रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून.

आमच्या कोल्हापूरच्या घरी अशीच कमळातली लक्ष्मी आहे. सासूबाईंनी जन्मभर तिला हळदकुंकू लावलं. आता घर पाडून फ्लॅट होणार. बिल्डरचा माणूस म्हणतो, “नव्या टाइल्स लावून देतो की, वहिनी!” देव्हाऱ्यातले देव नव्या घरी जातात हो, भिंतीतली देवी सामानाच्या यादीत येत नाही. म्हणून आम्ही करारातच ओळ घालून घेतली : पाडकामाआधी टाइल काढायला दोन दिवस द्यायचे.

तुमच्यावर ही वेळ आली, तर एवढं करा. ॲसिड, चिंच, विटेची पूड लावू नका, झिलई जाते. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं पुरे. चुन्यात बसवलेली टाइल सिमेंटातल्यापेक्षा सहज सुटते. आधी कडेचा सांधा बारीक छिन्नीने मोकळा करायला सांगा, टाइलवर हातोडा नको. मागचा चुना सावकाश खरवडा आणि पाठीवरचा शिक्का तेवढा जपा. आणि हो, सही करण्याआधी बोला. एकदा पाडकाम सुरू झालं, की बाईमाणसाचं कोण ऐकतं?